लुपेसाठी एक घर

पाहुणे आल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी लुपे उठली, पण तिची कंबर काही उठायला तयार होईना. टोंगातल्या त्या गावात चर्चची पाचची घंटा झाली, कोंबडे ओरडून दमले, डुकरं परसात एक फेरी मारून गेली, तरी लुपे आपली चुलीच्या खोपीत चटईवर एका कुशीवर पडलेली. शेवटी तिच्या नवऱ्याने, सेमिसीने, तिला दोन्ही दंडांना धरून ओढत ओढत बाहेर आणलं.

"हळू! माणूस आहे मी, सुरणाचा कंद नव्हे," लुपे कण्हली.

"कंद एवढी कुरकुर करत नाही," सेमिसी म्हणाला.

खोपीपासून वीस पावलांवर त्यांचं स्वतःचं घर होतं. सिमेंटचं, निळ्या पत्र्याचं, आत नळ असलेलं. त्यांच्या लेकाने, लोपेतीने, ऑकलंडमध्ये नऊ वर्षं लोकांची छपरं घालून ते बांधलं होतं. मागच्या खोलीत पलंग होता आणि पलंगावर स्प्रिंगची गादी होती. लुपेच्या साठाव्या वाढदिवसाला लोपेतीने ती बोटीने पाठवली, बोट आधी फिजीला गेली, आणि गादी सात आठवडे उशिरा येऊन पोचली. त्या गादीवर लुपे बरोब्बर अकरा रात्री झोपली. बाराव्या दिवशी ऑस्ट्रेलियातून मिशनची मंडळी आली, आणि आता गादीवर त्यांचा पुढारी ट्रेव्हर झोपत होता. तो सहा फुटांच्या वर होता, त्यामुळे त्याचे पाय बाहेर लोंबायचे. म्हणजे गादी त्यालाही सुखाची नव्हती, आणि हेच लुपेला जास्त लागत होतं.

पाहुण्यांना कुठे उतरवायचं हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ते तिच्या नणंदेने, विकाने, ठरवलं. भावाच्या घरात बहिणीचा शब्द शेवटचा. तिथे पाद्रीसुद्धा मध्ये पडत नाही, मग भावजयीची काय कथा! विकाने दारात उभं राहून नऊही पाहुण्यांच्या गळ्यात हार घातले आणि शाळामास्तरणीच्या खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "हे घर तुमचंच समजा."

ट्रेव्हर सरळ मनाचा माणूस होता. त्याने तसंच समजलं. हे चर्चचं पाहुणेघर आहे आणि मागच्या खोपीत राहणारं म्हातारं जोडपं म्हणजे स्वयंपाकीण आणि राखणदार, असा त्याचा पक्का ग्रह झाला. पुढच्या खोलीत लुपे-सेमिसीचा मोठा फोटो होता. चर्चच्या शताब्दीला काढलेला, ती पांढऱ्या हॅटमध्ये, तो कोटात. हे घर दान देणारे कुणी थोर गृहस्थ असावेत असं समजून मंडळी रोज त्या फोटोखाली बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. त्यानंतर फोटोतली बाई आत येऊन सगळ्यांच्या पानात उकडलेला तारोचा कंद वाढायची.

मंडळी सेवा करायला आली होती. वर्षभर केक विकून त्यांनी प्रवासाची तयारी केली होती, छातीवर 'आम्ही त्याचे हात' असं लिहिलेले नारिंगी टी-शर्ट शिवून घेतले होते. पण तीन दिवस झाले तरी हातांना काम मिळेना. देवाची ओळख करून द्यावी, तर गावातली माणसं दिवसातून इतक्यांदा चर्चला जात की घरी सापडतच नसत. रविवारी तर तीनदा. दुसऱ्या खेपेला ट्रेव्हरला झोप लागली आणि एका आजीबाईंनी त्याला कोपराने ढोसून जागं केलं. रविवारशाळेला रंग द्यावा, तर तो मागच्या वर्षीच्या मंडळींनी दिलेला होता आणि अजून चकचकीत होता. म्हणून ट्रेव्हर रोज कळवळून मागायचा, "देवा, आम्हाला गरजू माणूस दाखव."

चौथ्या दिवशी सकाळी त्याने मागच्या खोलीची खिडकी उघडली, आणि समोर धुराने भरलेल्या खोपीतून एका म्हातारीला ओढून बाहेर काढत होते.

दहा मिनिटांत तो आणि त्याची मदतनीस लिनेट खोपीपाशी हजर झाले.

"लुपे, तुम्ही दोघं इथे झोपता?" ट्रेव्हरने विचारलं.

लुपे सहा वर्षं ऑकलंडच्या लाँड्रीत होती, तिला इंग्रजी उत्तम कळायचं. खरं सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात पपईचं ताट घेऊन विका कोपऱ्यावरून वळली.

"हो, इथेच," लुपे म्हणाली.

"कायम?"

"सध्या."

"आणि हे असं किती दिवस चालणार?"

"तुम्ही जो—" लुपेने तोंड उघडलं. विका खाकरली. "देवाची इच्छा असेल तोवर," लुपे म्हणाली.

लिनेटचे डोळे भरून आले. तिने डोळे पुसले आणि खोपीच्या दारात लुपेचा फोटो काढला.

पाहुणे गेल्यावर लुपे नणंदेला म्हणाली, "ताई, सांगून टाकू या ना त्यांना."

"काय सांगणार? तुमच्यामुळे आम्ही धुरात पडलोय म्हणून? लगेच सामान उचलून पलीकडच्या चर्चवाल्यांकडे जातील. मग माझ्या भावाने तोंड कुठे लपवायचं?"

"पण माझी कंबर, ताई."

"तओवाला जरा जाड गुंडाळ. चर्चला जाताना शोभून दिसतो आणि कमरेला आधारही होतो," असं सांगून विका निघून गेली. लुपेने सुटकेस उघडली आणि सणासुदीचा तओवाला, म्हणजे कमरेला गुंडाळायची सगळ्यात जाड चटई, काढून आवळून बांधली. चार दिवसांनी पाहुणे जातील, मग गादी आपलीच, अशी तिने मनाची समजूत घातली.

त्याच दुपारी ट्रेव्हरने जाहीर केलं की मंडळी लुपेसाठी घर बांधणार.

त्यांच्यात एक दंतवैद्य होता, दोन शिक्षिका होत्या, एक विमा विकणारा होता. पूर्वी काही बांधलं होतं म्हणाल तर एकाने कुत्र्याचं घर बांधलेलं होतं, म्हणून त्याला मुख्य नेमलं. सुरणाच्या वाफ्याशेजारी खांब उभे राहिले आणि उभ्या उभ्या निरनिराळ्या दिशांना बघू लागले. गावातले निम्मे पुरुष ऑकलंड-सिडनीत इमारती बांधून आलेले. ते कुंपणाशी बसून बघत होते. पण पाहुण्याला चुकलास असं कसं म्हणायचं?

मंडळी दुपारी एक ते तीन आत बसून प्रार्थना करायची. तेवढ्यात सेमिसी आणि त्याचे चार चुलतभाऊ गुपचूप जायचे, खांब उपटून सरळ रोवायचे, ओळंबा लावून बघायचे आणि पुन्हा कुंपणाशी येऊन बसायचे.

"लिनेट!" बांधकामाच्या तिसऱ्या दिवशी ट्रेव्हर खांबाला हात लावून कुजबुजला. "आपण हा वाकडा सोडून गेलो होतो."

"मला आठवतंय," लिनेट म्हणाली आणि तिच्या अंगावर काटा आला.

त्या दिवसापासून प्रार्थना एक ते चार झाली. चुलतभावांचं काम जरा सुटसुटीत झालं.

इकडे लिनेटने काढलेला फोटो जगभर फिरत होता. खाली लिहिलं होतं, 'या आजींना डोक्यावर छप्पर नाही.' शुक्रवारी लोपेतीचा फोन आला.

"आई, तू बेघर आहेस?"

"कोण म्हणतं?"

"सगळं ऑकलंड म्हणतंय! काल संध्याकाळच्या प्रार्थनेत आमच्या पाद्रींनी म्हाताऱ्या आईबापांना विसरणाऱ्या मुलांवर तासभर प्रवचन दिलं. सगळा वेळ माझ्याकडे बघून! नऊ वर्षं मी लोकांच्या छपरांवर काढली, आई, आणि आता माझ्याच आईला छप्पर नाही म्हणतात!"

"अरे, पाहुणे आलेत. घर त्यांना दिलंय."

"मग तसं सांग ना त्यांना!"

"तुझी आत्या नको म्हणते."

"मीच येतो," लोपेती म्हणाला.

तो बायको आणि तीन मुलांना घेऊन आला. होडीतून उतरला तोच गरजत. "कोण आहे तो ट्रेव्हर? बघतोच त्याला!" ओसरीवर आत्या उभी होती.

"आलास, लोपेती? पाहुण्यांना नमस्कार कर."

"आत्या, हे घर मी—"

"नमस्कार."

लोपेतीने नमस्कार केला. शिवाय आईसाठी आणलेल्या खारवलेल्या बीफच्या डब्यांचं खोकं ट्रेव्हरच्या हातात दिलं आणि मुकाट्याने खोपीत येऊन बसला. लुपेला त्याच्या रागाचं हसू आलं आणि वाईटही वाटलं. एवढा आडदांड पोरगा, पण आत्यासमोर त्याची मांजर झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेव्हरने खिडकी उघडली. खोपीतून एकामागून एक सात माणसं बाहेर आली.

"काल दोन होते," तो गहिवरून म्हणाला. "आपण घर बांधतोय हे ऐकून आणखी आले. मित्रांनो, खोल्या वाढवाव्या लागणार."

खोल्या वाढल्या, म्हणून दिवस वाढले. नऊही जणांनी रजा वाढवून घेतल्या. ही बातमी ऐकून लुपे खोपीत गेली आणि चुलीच्या धुराचं निमित्त करून मनसोक्त रडली. तिला घर नको होतं. तिला फक्त तिचा पलंग हवा होता.

मुलं धुराने खोकायला लागली तेव्हा विका पाद्रींच्या देखत म्हणाली, "पोरांना माझ्याकडे आणा. लोपेती, तुम्ही पाचही जण माझ्या घरी राहा. माझं काय, मी कुठेही पडेन." सगळ्यांनी तिच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. लुपेनेही केलं. तिथेच तिचं चुकलं.

पुढच्या आठवड्यात शनिवारी घर पूर्ण झालं. जमिनीतल्या भट्टीत डुकरं भाजली, गाव जमलं, पाद्रींनी आशीर्वाद दिला. ट्रेव्हरने लाल फीत कापून किल्ली लुपेच्या हातात ठेवली. लोक म्हणाले, बोल. लुपे उठली. गेले तीन दिवस खोपीत आडवी पडून तिने एकच विचार केला होता.

"मी काय बोलू?" ती इंग्रजीत म्हणाली. "आमच्या टोंगात एक जुनी रीत आहे. ज्यांनी घर बांधलं, त्यांनी आत झोपल्याशिवाय घरधन्याने उंबरा ओलांडायचा नाही. तेव्हा पाहुण्यांनो, जायच्या दिवसापर्यंत तुम्ही सगळे याच घरात राहा."

अशी रीत टोंगात कुणी कधी ऐकली नव्हती. पाद्री वर छपराकडे बघू लागले. सेमिसीला एकदम ठसका लागला. विकाचा चेहरा लाल झाला, पण नऊ पाहुण्यांच्या समोर भावजयीला खोटं पाडणार कशी? मंडळी तर रडायलाच लागली. तासाभरात सगळ्यांच्या बॅगा नव्या घरात गेल्या.

लुपेने चादरी धुतल्या आणि उन्हात वाळवल्या. फोटोवरची धूळ पुसली. संध्याकाळी आंघोळ केली, केसांना खोबरेल लावलं आणि कमरेची चटई सोडली. नव्या नवरीसारखी लाजत, हसत ती मागच्या खोलीत गेली.

पलंगावर विका आडवी झाली होती.

"ये, लुपे," ती डोळे न उघडताच म्हणाली. "माझ्या घरात तुझी नातवंडं धुमाकूळ घालतायत. म्हटलं, भावाच्या घरी बहिणीला एक पलंग मिळायला हरकत नाही. गादी छान आहे गं!"

मागे सेमिसी आला होता. त्याने बहिणीकडे बघितलं आणि कोपऱ्यातली चटई उचलली. बहीण ज्या छपराखाली झोपते, त्या छपराखाली भावाने झोपायचं नाही. ही रीत मात्र टोंगात सगळ्यांनी ऐकलेली होती. नवरा खोपीत आणि बायको घरात, असं तर चालायचं नाही. लुपेने दुसरी चटई उचलली.

सकाळी घंटा झाली. ट्रेव्हरने नव्या घराची खिडकी उघडली. समोरच्या खोपीतून सेमिसी लुपेला दोन्ही दंडांना धरून बाहेर ओढत होता.

मंडळी धावतच आली. "लुपे! आता तर घर आहे ना तुम्हाला! पुन्हा इथे?"

लुपेने आजूबाजूला पाहिलं. विका दिसत नव्हती. मागच्या खोलीतून तिचं घोरणं मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. तेव्हा लुपेचा बांध फुटला.

"ते मोठं घर माझं आहे!" ती ओरडली. "माझ्या लेकाने बांधलंय! तो पलंग माझा, ती गादी माझी! आणि भिंतीवरच्या फोटोत पांढऱ्या हॅटमध्ये आहे ना, ती बाई मीच!"

ट्रेव्हरने तिच्याकडे नीट पाहिलं. केस विस्कटलेले, गालावर काजळी, कंबर वाकलेली. मग तो लिनेटकडे वळला.

"बिचारी," तो हळूच म्हणाला. "केवढं स्वप्न उराशी धरून जगतेय." आणि त्याने खिशातून मोजपट्टी काढली.

लुपे त्या पिवळ्या पट्टीकडे बघत राहिली. सेमिसीला वाटलं, आता ही चुलीतलं लाकूड उचलते. पण लुपे पुढे झाली, पट्टीचं टोक तिने स्वतःच्या हातात घेतलं आणि ते सुरणाच्या वाफ्याच्या कडेला टेकवलं.

"आज रविवार आहे, काम उद्या सुरू करा," ती म्हणाली. "आणि या खेपेला खोली एवढीच काढा. एक पलंग मावेल. शेजारी दुसऱ्या माणसाला उभं राहायलाही जागा उरता कामा नये."