जांभळ्यांना लागलेली जीभ

"जांभळे फुगवलेले आहेत," असं राजानंद सर पहिल्यांदा म्हणाले तेव्हा सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि बदनापूरच्या त्या शाळेत मे महिन्याच्या सुट्टीमुळे तिघांशिवाय चिटपाखरू नव्हतं.

तिघे म्हणजे विज्ञान शिकवणारे राजानंद सर, पीटीचे धर्मराज सर आणि कृषी संशोधन केंद्रात तुरीच्या प्लॉटवर काम करणारा रामेश्वर. अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे बाद फेरीचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. घरी बायकापोरं झोपलेली असताना आरडाओरडा करणं शक्य नसायचं, म्हणून धर्मराज सरांनी पीटीच्या खोलीची किल्ली सुट्टीतही स्वतःजवळ ठेवली होती. खोलीच्या एकुलत्या एक खिडकीला मॅट टेकवून ठेवलेल्या, त्यामुळे बाहेर सूर्य उगवला तरी आत टीव्हीचा तेवढा उजेड. संघांची खरी नावं रामेश्वरच्या जिभेवर बसत नसत, म्हणून तिघं जर्सीच्या रंगावरून बोलायचे. त्या वर्षी जांभळे पहिल्या नंबरवर होते.

"ब्याऐंशीपैकी चौसष्ट जिंकले त्यांनी," धर्मराज सर म्हणाले. जांभळ्यांवर त्यांचा मुलांपेक्षा जास्त जीव होता. "फुगवलेली टीम चौसष्ट जिंकती का?"

"कोणासंग जिंकले ते बघा ना सर," राजानंद सर म्हणाले. "निम्म्या टीमांचे मोठे गडी गुडघे धरून घरी बसले व्हते. लांबून चेंडू पडला तं जांभळे भारी, आन् न्हाई पडला तं त्यांच्याकडं दुसरं काहीच न्हाई. शेवटच्या मिनिटाला हे गडी लटपटतेत."

आणि शेवटचं मिनिट आलं. जांभळे एका गुणानं मागे, घड्याळात नऊ सेकंद, आणि त्यांचा सगळ्यात नावाजलेला खेळाडू दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता एकेका गुणाचे दोन नेम, घ्यायला रेषेवर उभा. राजानंद सर चहाचा कप तोंडाला लावता लावता सहज म्हणाले, "दोन्ही हुकणार."

दोन्ही हुकले.

मग राजानंद सरांनीच शिकवायच्या सुरात खुलासा केला, "पंच्याऐंशी टक्के टाकणारा गडी हाये. दोन्ही हुकायची शक्यता शंभरात दोन. दोन म्हंजे शून्य न्हाई." गणित बरोबर होतं. धर्मराज सरांना ते बिलकुल आवडलं नाही.

दुसऱ्या सामन्याच्या वेळी ऐन रंगात वीज गेली. टीव्ही विझला तशी खोली गुडूप झाली, इतकी की शेजारचा माणूस दिसेना. रामेश्वर मोबाइल चाचपत होता. त्या अंधारात राजानंद सरांचा आवाज आला. नेहमीपेक्षा जरा खालचा, एखादा माणूस झोपेत बोलतो तसा. "उंच गडी बसला असंल आता. गुडघ्याला बर्फ लावून."

चार मिनिटांनी वीज आली. पडद्यावर जांभळ्यांचा सात फुटी खेळाडू बाकावर बसलेला होता, आणि त्याच्या उजव्या गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली होती.

"तुम्ही कशावरून म्हणले हे?" धर्मराज सरांनी विचारलं.

"अंदाज," राजानंद सर म्हणाले. पण खरं सांगायचं तर असं काही आपण बोललो हेच त्यांना नीट आठवत नव्हतं.

तिसऱ्या सामन्याला धर्मराज सर हात जोडूनच बसले. "सर, यावेळी चांगलं बोला. म्हणा, जांभळे जिंकतील."

"माझ्या म्हणण्यानं काय व्हतं?"

"काहीच व्हत न्हाई ना? मंग म्हणायला काय जातंय?"

हा युक्तिवाद विज्ञानाच्या कसोटीवरही टिकत होता. सर म्हणाले, "जिंकतील." पण मनातून त्यांना तसं वाटत नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जांभळे एकतीस गुणांनी हरले. सामना संपल्यावर धर्मराज सर उठले, त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि म्हणाले, "सर, जरा जीभ दाखवा."

राजानंद सरांनी हसत हसत जीभ बाहेर काढली. समोरचे दोघे हसले नाहीत. जिभेच्या डाव्या कडेला मोहरीएवढा काळा डाग होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. राजानंद सर म्हणजे सगळ्या तालुक्यात चमत्कारांचे प्रयोग करून दाखवणारे मास्तर. लिंबातून रक्त काढून दाखवायचे, काडीशिवाय अग्नी पेटवून दाखवायचे, आणि शेवटी जिभेवर जळता कापूर ठेवून सांगायचे की यात दैवी काही नाही, लाळेची करामत आहे. वीस वर्षांत दीडशे गावं केली. अशा माणसाची जीभ काळी निघावी, याच्यापुढे जांभळ्यांचा पराभव ही फारच किरकोळ बातमी होती. जिभेची बातमी दुपारपर्यंत बदनापूरभर झाली. वर तिला लोकांनी कारणही जोडून दिलं. एवढी वर्षं जिभेवर कापूर जाळला, काळी होणार नाही तर काय.

दुसऱ्या दिवशी सर दारातून बाहेर पडले तर शेजारच्या गोपिकाबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. "ऊन चांगलं हाये मावशी, झटक्यात वाळतील," सर म्हणाले. गोपिकाबाईंनी लगेच सगळे पापड गोळा करून घरात नेले. दहा मिनिटांनी वावटळ आली आणि बाजूच्या गल्लीतल्या बायकांचे पापड धुळीत गेले. गोपिकाबाई दारात उभ्या राहून सरांकडे बघत राहिल्या. त्या नजरेत भीती होती आणि थोडी उपकाराची जाणीवही होती.

रामेश्वरनं सरांसमोर तुरीचा विषय काढणंच बंद केलं. मुख्याध्यापकांचा फोन आला की दहावीच्या निकालाबद्दल आपण कुठे काही मत व्यक्त करू नये, ही विनंती. चौथ्या सामन्याला तर सरांना खोलीत घेतलंच नाही. सातांपैकी चार जिंकायच्या त्या मालिकेत जांभळे तोही, ओळीनं चौथा सामना, हरून बाहेर पडले. सर आनंदानं धावतच शाळेत गेले.

"बघा, मी नव्हतो. तरी हरले. टीमच फुगवलेली व्हती."

"घरी काही म्हणले व्हते का?" धर्मराज सरांनी विचारलं.

दात घासताना आपण आरशाकडे बघून "संपलं आता यांचं" असं पुटपुटलो होतो, हे सरांना आठवलं. ते तसेच परत फिरले.

घरी त्यांनी आईपाशी मन मोकळं केलं. चांगुणाबाई पंच्याहत्तरीच्या, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या. त्या ठामपणे म्हणाल्या, "असलं काही नसतं. बाबासाहेबांनी सांगितलंय आपल्याला, असलं मानायचं न्हाई. मी न्हाई मानत." मग ज्वारी पाखडता पाखडता हात थांबवून हळूच म्हणाल्या, "पर तुझा आजा बोलला की व्हायचं. विहिरीचं बोलला, विहीर आटली. त्याच्या बी जिभंला डावीकडंच व्हता."

जांभळे गेले तर गेले, ते सातासमुद्रापलीकडचे. पण सरांची मुलगी अक्षता बदनापूरच्या मुलींच्या संघाची कर्णधार होती. उन्हाळी जिल्हा स्पर्धेत हा संघ एकही सामना न हरता अंतिम फेरीत गेला होता. रविवारी जालन्यात अंकुशनगरच्या मुलींशी सामना, आणि जो संघ जिंकेल त्याच्या कर्णधाराला पुण्याला राज्य निवड चाचणीचं बोलावणं. अक्षता तीन वर्षं त्या चाचणीसाठी पहाटे उठून पळत होती. आणि आठच दिवसांपूर्वी, जेवताना, बापाच्या अधिकारानं सर तिला म्हणाले होते, "तुमची टीम पण फुगवलेलीच हाये. कठीण मॅच तुम्हाला पडलीच न्हाई. फायनलला शेवटी फ्री थ्रोवर येणार, आन् तू हुकणार."

पोरीनं जास्त सराव करावा एवढाच त्यामागे हेतू. पण आता ते वाक्य त्यांच्या कानात सारखं वाजत राहिलं. शाळेच्या रिकाम्या मैदानावरून जाताना तर त्यांना चेंडू आपटल्याचा आवाज आला, एकसारखा, दोन आपटे आणि मग गप्प. फ्री थ्रोआधी अक्षता बरोबर दोनदा चेंडू आपटते. सर कोपऱ्यावर थांबून मैदानाकडे बघत राहिले. मैदानावर कोणी नव्हतं. ते घरी आले तेव्हा त्यांचा सदरा घामानं ओला झाला होता, आणि हा उन्हाचा घाम आहे असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं.

शनिवारी अक्षता म्हणाली, "बाबा, तुम्ही या. मी न्हाई मानत हे काही. पण पोरी घाबरून राह्यल्या. तेवढं बोलू नका तिथं."

"न्हाई बोलत."

"मनात पण नका बोलू."

जालन्यातल्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये रविवारी इतकं उकडत होतं की श्वास घेणं जड जावं. सामना सुरू झाल्या झाल्या वीज गेली आणि पंखे थांबले. वरच्या काचांतून येणाऱ्या उजेडात खेळ पुढे चालला. सर तिसऱ्या रांगेत तोंडावर रुमाल धरून बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. हॉलमध्ये माणसं उभी होती, पण त्या खुर्च्यांवर कोणी बसत नव्हतं. धर्मराज सर बदनापूरचे प्रशिक्षक. ते खेळापेक्षा तिसऱ्या रांगेकडेच जास्त बघत होते.

सामना बरोबरीनं सरकत राहिला. पंचांच्या हातातल्या घड्याळात सात सेकंद उरले, बदनापूर एका गुणानं मागे, आणि अंकुशनगरच्या मुलीचा धक्का लागून अक्षता पडली. पंचांची शिट्टी वाजली. दोन फ्री थ्रो.

सरांच्या हातातला रुमाल खाली आला. जेवताना बोललेलं एकेक अक्षर समोर येऊन उभं राहिलं होतं. हॉल हळूहळू गप्प होत गेला. आधी बदनापूरच्या मुलींनी मान वळवून सरांकडे बघितलं, मग प्रेक्षकांनी. मग अंकुशनगरच्या लोकांनीही, कारण बातमी त्यांच्यापर्यंत केव्हाच पोचली होती. धर्मराज सरांनी लांबूनच ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं नमस्कार केला. अक्षतानं चेंडू दोनदा आपटला.

सर घाबरले होते, अगदी मनापासून घाबरले होते. पण वीस वर्षांची सवय अशी मधेच सुटत नाही. त्यांच्या डोक्यात हिशेब चालू होता. आपण गप्प बसलो म्हणजे आपण हे मानलं. दीडशे गावांत जे सांगितलं ते सगळं खोटं ठरलं. बोललो आणि पोरगी हुकली, तर जन्मभर तोंड दाखवायला जागा नाही, पोरीला तर नाहीच. पण बोललो आणि चेंडू पडला तर? हा एकच प्रयोग राहिला होता, आणि त्यात कापराच्या जागी पोटची पोरगी होती.

सर उभे राहिले.

"अक्षता," ते मोठ्यानं म्हणाले, "हुकणार. दोन्ही हुकणार."

तो आवाज पत्र्याला लागून परत आला, आणि परत आलेला आवाज सरांना आपला वाटला नाही. कोणीतरी बाई "अगं माय" म्हणाली. धर्मराज सर मटकन खालीच बसले. अक्षतानं बापाकडे एकदा बघितलं आणि चेंडू टाकला. तो कडीवर तीनदा फिरला आणि आत पडला. दुसरा टाकला. तोही पडला. उरलेल्या सात सेकंदांत अंकुशनगरला काही करता आलं नाही, आणि बदनापूर एका गुणानं जिंकलं.

त्यानंतरच्या गलक्यात सर सगळ्यांच्या हातापायांतून वाट काढत मैदानात पोचले आणि प्रत्येकाला धरून सांगू लागले, "बघितलं ना? मी म्हणलो हुकणार, आन् पडले. काही नसतं जिभेत. निव्वळ योगायोग असतो."

रामेश्वर सामना बघायला मुद्दाम आला होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बराबर हाये सर," तो म्हणाला, "आता कळलं मला. परक्याला सरळ लागती, सख्ख्याला उलटी लागती."

आजूबाजूच्या लोकांनी माना डोलवल्या. सर पुढे अर्धा तास बोलत होते, पण हा खुलासा सगळ्यांना इतका पटला होता की दुसऱ्या खुलाशाला जागाच उरली नव्हती.

परत येताना जीपमध्ये बदनापूर जवळ आल्यावर अक्षता बापाच्या कानाशी म्हणाली, "बाबा, दुसरा चेंडू माझ्या हातून वाकडा सुटल्ता. सुटतानाच कळलं मला. तो मधी वळला."

"फिरकी असती त्याला. पंख्याची हवा लागली असंल."

"लाइट गेल्ती बाबा. पंखे बंद व्हते."

सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. शेतं मागे जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर गोपिकाबाई नातवाला घेऊन पायरीवर उभ्या. "सर, याला तेवढं नापास व्हशील म्हणा."

"मावशी, असलं मी काही म्हणत नसतो. आन् तुमच्या हिशेबानं हा माझा सख्खा बी न्हाई."

"शेजारी म्हंजे सख्खेच की," गोपिकाबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. त्यांच्यामागे आणखी चार शेजारी होते. सरांनी सगळ्यांना शक्यता म्हणजे काय, कार्यकारणभाव म्हणजे काय ते उदाहरणं देऊन समजावलं. लोकांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी परत आले. आठवडाभर सर त्यांच्याशी भांडत होते. एकालाही त्यांनी वाईट बोलून दिलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

पुढच्या सोमवारी ते अक्षताला पुण्याच्या एसटीत बसवायला स्टँडवर गेले. बॅग वर ठेवून झाली, पाण्याची बाटली दिली, पोचल्यावर फोन कर म्हणून झालं. कंडक्टरनं घंटी वाजवली तरी अक्षता दाराच्या पायरीवरच उभी.

"बाबा."

"काय?"

"म्हणा ना."

सरांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. ओळखीचं कोणी नव्हतं. ते एक पाऊल पुढे झाले आणि पोरीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "तुझी निवड व्हणार न्हाई."

"जय भीम, बाबा," अक्षता खुशीत म्हणाली आणि आत जाऊन खिडकीपाशी बसली.

गाडी निघाली. ती फाट्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत सर हात हलवत उभे होते. मग आपण जरा घाईत, पुटपुटल्यासारखं बोललो की काय, अशी शंका त्यांना आली. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, अक्षताला फोन लावला, आणि तिनं उचलल्या उचलल्या तोंडावर हात धरून म्हणाले, "बिलकुल व्हणार न्हाई."