उजव्या हातांची रँक लिस्ट

मोजमापाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. मी लातूरचा. आमच्याकडे भूकंपानंतर जन्मलेली पोरंसुद्धा टांगलेला बल्ब हलला की आधी दिशा बघतात, मग पळतात. त्यात मी इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. म्हणून नांदेडच्या एका फिजिओथेरपी केंद्राच्या प्रमुख सिंधु मॅडमनी मला मनगटी सेन्सरचं काम दिलं, तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "मॅडम, पेशंट खोटं बोलेल, सेन्सर बोलणार नाही."

काम सोपं होतं. लकव्यानं उजवा हात गेलेले पाच पेशंट. प्रत्येकाच्या उजव्या मनगटावर घड्याळाएवढी डबी बांधायची. हात दिवसात किती वेळा हलला ते ती मोजणार. जो घरी व्यायाम करत नाही, त्याची मोफत उपचाराची जागा महिनाअखेरीस जाणार आणि रांगेतल्या पुढच्याला मिळणार.

इथपर्यंत ठीक. पण मी दोन वर्षं लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये पोरांचे डाउट सोडवायला बसलेला माणूस. आकडे दिसले की यादी लावल्याशिवाय राहवत नाही. पहिल्याच रविवारी मी व्हॉट्सॲप ग्रुपवर, पेशंट आणि नातेवाईक सगळ्यांसमोर, रँक लिस्ट टाकली.

पहिले, अर्धापूरचे शेषेराव. रोज अकरा हजार हालचाली. दुपारी एक ते तीन हात एकदम शांत, तीनला पुन्हा सुरू. याला म्हणतात वेळापत्रक!

शेवटचे, जिलानी चाचा. शिंपीकामात हयात गेलेली. रोज जेमतेम दोनशे. सकाळचे दोन तास तर रेघ इतकी सपाट, जणू हात खुंटीला टांगून माणूस बाहेर गेलाय.

मंगळवारी ते रईसाचाचींबरोबर केंद्रात आले.

"बेटा, हात चालून राहिला," चाचा म्हणाले. "हे बघ, पिशवीत आणलंय..."

"पिशवी नंतर, चाचा. आधी ग्राफ बघा."

"ग्राफ तू बघितला. हात कुठं बघितला?"

"आकडे खोटं बोलत नाहीत," असं म्हणून मी त्यांना शेषेरावांचा ग्राफ दाखवला. त्यावर मी लाल अक्षरांत 'आदर्श' लिहिलं होतं.

चाचींना ग्राफ कळला नाही. शेवटून पहिला नंबर मात्र कळला. "शिलाईच्या दुकानात जाऊन नुस्त्या गप्पा छाटतात," त्या म्हणाल्या. चाचांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

संध्याकाळी धर्माबादहून त्यांच्या लेकीचा, जेबाचा फोन. "भैया, अब्बांना जरा रागवा. आमचं ऐकत न्हाईत." मी रागावलो. पासष्ट वर्षांच्या माणसाला. ग्रुपवर. दुसऱ्या आठवड्यात चाचींनी त्यांचा चारचा चहा बंद केला. तिसऱ्यात दोनशेचे दीडशे झाले. मी लिहिलं, 'घसरण चिंताजनक.'

महिना संपला. मी टॉपरचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, मनोगत, सगळं. मॅडमच्या टेबलावर चाचांचं नाव कमी करायचा फॉर्म तयार होता. शिफारस माझीच.

"शेषेराव, नारळ उजव्या हातानं घ्या," मी मोबाइलचा कॅमेरा लावत म्हणालो.

त्यांनी घेतला. तो सरळ खाली पडला आणि घरंगळत चाचांच्या पायाशी गेला.

"पकड न्हाई अजून," शेषेराव म्हणाले.

"मग रोज अकरा हजार हालचाली?"

"कसल्या हालचाली? मी पोराच्या पिठाच्या गिरणीत बसतो. चालत्या गिरणीच्या पेटीवर हात ठिवला की थरथरीनं लई बरं वाटतं. म्या काय केलं न्हाई बाबा, तूच नंबर देऊन राहिलास."

"आणि एक ते तीन विश्रांती?"

"लाईट जाते की तवा."

चाचा वाकले. उजव्या हातानं, डाव्याचा आधार देत, त्यांनी नारळ उचलून टेबलावर ठेवला. सावकाश, पण ठेवला. मॅडम आधी त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"चाचा, त्या पिशवीत काय आहे?" त्यांनी विचारलं. चार मंगळवार ती पिशवी माझ्या टेबलासमोर येत होती.

आतून पांढऱ्या कापडाची पट्टी निघाली. तिच्यावर ओळीनं काजं, हातशिलाईची. रोज एक, अशी अठ्ठावीस. पहिलं म्हणजे चिरडलेला कोळी. दहाव्यात भोक तरी कळत होतं. विसाव्याला टाके रांगेत लागले होते. शेवटचं सरळ, घट्ट, कुठल्याही नवऱ्या मुलाच्या शेरवानीला चालेल असं. इतका स्वच्छ ग्राफ मी आयुष्यात काढलेला नाही.

"उजव्या हातानं?" मी पट्टी उलटून बघत विचारलं. "मग सेन्सरवर का नाही आलं?"

"तुझ्या वेल्क्रोच्या पट्ट्याला बारीक काटे हायेत बेटा. दोरा अडकतो. शिवायला बसलो की डबी खुंटीला टांगायचो. सांगायलाच आलो होतो. तू म्हणालास, पिशवी नंतर."

म्हणजे हात जितका सुधारला, तितकं काजाखेरीज दुसरं शिवणंही वाढलं, डबी तितका जास्त वेळ खुंटीला राहिली, आणि तितका माझा आकडा घसरला.

"मला तरी सांगायचं," चाची पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "चहा बंद केला मी तुमचा."

"तुला ग्राफ पटला होता," चाचा म्हणाले.

मॅडमनी फॉर्म फाडला. मी सगळ्यांसमोर हात जोडले. माफीची दोन वाक्यं पाठ केल्यासारखी जमवत होतो, तेवढ्यात चाचांनी खांद्यावर हात ठेवला. उजवा.

"माप चुकलं तर कापड पुन्हा मांडायचं, बेटा. लातूरला तुमच्याकडं पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या पोरांची रिपीटर बॅच असते न्हाई का?"

आता मी आधी हात बघतो, मग ग्राफ. पाचही डब्यांना चाचांनी सुती पट्टे लावून दिलेत, काज-बटणाचे. ग्रुपवर रँक लिस्ट अजूनही दर रविवारी लागते, फक्त ती आता जेबा लावते. तिच्यात नाव एकच असतं. पहिला आलो म्हणून खूश व्हावं, तर शेवटचाही मीच.