पेन्योचं एक वर्ष

"येत्या रविवारी मला धावायला लागून एक वर्ष होतंय," पेन्योने नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं.

"चीज सरकव," वेलिच्का म्हणाली.

पेन्योने चीज सरकवलं. बायकोने चीज मागितलं म्हणजे तिने ऐकलंय, पण ऐकल्यासारखं दाखवायचं नाहीये, एवढं त्याला बावीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

हे धावण्याचं खूळ मुळात त्याच्या स्वतःच्या डोक्यात आलेलं नव्हतं. तो शेजारच्या शहरात मोज्यांच्या कारखान्यात कामाला होता. गेल्या वर्षी मालकाने खास धावणाऱ्यांसाठी मोजे काढायचं ठरवलं. ते घालून कुणीतरी रोज धावून बघणं भाग होतं. "कोण धावेल?" असं मालकाने विचारलं तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. पेन्यो खिडकीबाहेर कबुतरं बघत होता. तो एकटाच ताठ मानेने उभा दिसला, आणि धावपटू झाला.

पहिल्या दिवशी तो बेकरीपर्यंत पोहोचला. घरापासून तीनशे पावलं. परत आला तो बेकरीच्या गाडीतून, पावांच्या दोन ट्रेंच्या मध्ये बसून. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की द्रेनोवित्सासारख्या गावात माणसाला धावू देत नाहीत. तिथे माणूस दोनच कारणांनी धावतो, बस सुटली तर किंवा बकरी सुटली तर. त्यामुळे बाकावर बसलेली मिनाकाकू रोज सकाळी विचारायची, "काय सुटलं रे?" मागून येणारी प्रत्येक गाडी थांबायची. "अरे लाजतोस काय, बस," म्हणत लोक दार उघडायचे. पेन्यो भिडस्त. तीन वेळा त्याला लोकांनी घरपोच आणून सोडलं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. शेवटी तो उजाडायच्या आधीच, कुणाच्या नजरेला न पडता, धावून यायला लागला.

तरी वसंतात तो धरणापर्यंत जायला लागला आणि द्राक्षं पिकेपर्यंत परतही यायला लागला. आठ किलोमीटर, न थांबता. मोज्यांचा बेत मालकाने चौथ्या महिन्यातच सोडून दिला होता. पेन्योने सोडला नव्हता.

एकच गोष्ट त्याला खात होती. वर्षभर तो एकटा धावला होता. पहाटे उठायचं म्हणून नऊला झोपायचा, त्यामुळे गुत्त्यावर जाणं बंद झालं होतं, आणि गुत्त्यावर गेलं नाही की गावात माणूस कुणाला भेटतच नाही. शेजारी कुणाचातरी श्वास ऐकू यावा, एवढीच त्याची इच्छा होती.

"सगळ्या गावाला बोलावतो," तो म्हणाला. "पत्रकं लावतो. एक तरी येईलच धावायला."

वेलिच्काने आता चीजवरून नजर उचलली. "ठीक. एक माणूस जरी तुझ्याबरोबर धावला, तरी तुझे रविवार तुझे. नाही धावला, तर बर्फ पडेपर्यंत दर रविवारी माझ्या आईकडे बटाटे काढायला यायचं."

"कबूल."

"नुसता येऊन उभा राहिला तर धरणार नाही मी. धावला पाहिजे."

"धावेल," पेन्यो म्हणाला. सासूचं शेत त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. ते डोळ्यांत मावत नव्हतं.

गावात छापखाना एकच होता, रुसीचा. गावात कुणी वारलं की त्याचा फोटो असलेलं पत्रक खांबाखांबांवर लागतं. मग चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा. रुसी चौतीस वर्षं हीच पत्रकं छापत होता.

"फोटो?" रुसीने विचारलं.

पेन्योने धावतानाचा फोटो दिला. रुसीने तो लांब धरून पाहिला. "यात तू मेल्यासारखा दिसतोस."

"मग ओळखपत्रावरचा घे."

"हां. यात निदान जिवंत वाटतोस. मजकूर सांग."

"पेन्यो द्रागीएव. एक वर्ष. रविवारी सकाळी नऊला धरणाच्या रस्त्यावरच्या फाटकापाशी सर्वांनी अगत्याने यावं."

"कसलं एक वर्ष, ते नको लिहायला?"

"गावाला माहीत नाही का?" पेन्यो जरा दुखावून म्हणाला.

"असेल बाबा. जा तू घरी, लावायचं काम माझ्याकडे. खांब पाठ आहेत मला."

रुसीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्याच्या कॉम्प्युटरला पत्रक म्हणजे भोवती काळी चौकट आणि वर छोटा क्रूस, एवढंच ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या मुलीची लग्नपत्रिकाही तशीच छापली होती. संसार उत्तम चाललाय.

शनिवारी दुपारी पत्रकं लागली. वेलिच्का आदल्या दिवशीच आईकडे गेली होती. पेन्यो मोठ्या धावण्याच्या आदल्या दिवशी पाय उशीवर ठेवून पडून राहावं, असं कुठेतरी वाचून दिवसभर तसाच पडून होता. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी गुत्त्यावर काय झालं ते त्याला पुष्कळ नंतर कळलं.

"पेन्योचं वर्षश्राद्ध? म्हणजे तो गेला कधी?"

"वर्ष झालं म्हणजे वर्षापूर्वीच ना."

"आणि आपल्यातलं कुणी मातीला नव्हतं?"

 मग कुणीतरी म्हणालं, "खरंच की, वर्षभर इकडे फिरकला नाही."

"पण मला परवाच दिसला," बेकरीवाला म्हणाला. "पळत होता."

"किती वाजता?"

"उजाडायच्या आधी."

"हाक मारलीस?"

"मारली. थांबला नाही."

गुत्तेवाल्याने उठून खिडकी लावून घेतली.

रविवारी नऊला पाच मिनिटं असताना पेन्यो धरणाच्या रस्त्यावर वळला. फाटकापाशी साठ-सत्तर माणसं उभी होती. सगळी त्याच्याकडे पाठ करून, सगळी काळ्या कपड्यांत. काळा रंग लवकर तापतो, हे यांना सांगायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं. पण पहिल्या वेळेला एवढं चालायचंच. तो हळूच मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. कुणीतरी मागे न बघता त्याच्या हातात साखर-अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाची वाटी दिली. धावण्याआधी गहू चांगला, पेन्योने मनात म्हटलं, आणि खाल्ला.

पुढे वेलिच्का उभी होती. ती थेट बसमधून उतरली होती, अंगात पिवळाधमक झगा. मिनाकाकू तिला झापत होती.

"वर्ष पुरं व्हायच्या आत पिवळा? थोडी जनाची ठेव गं."

"काकू, घरात दुसरा धुतलेला नव्हता."

"आणि गावाला कळवलंसुद्धा नाहीस."

"मी कशाला कळवू? त्याला हौस, त्याने कळवलं." वेलिच्का बिनधास्तपणे माणसं मोजत होती आणि एकेकाच्या पायांकडे बघत होती. सगळ्यांच्या पायांत कातडी बूट होते. तिचा चेहरा समाधानी होता.

मग दगडावर रादोय चढला. पेन्योच्या मागच्याच गल्लीत राहायचा, लठ्ठ, कपाळाला कायम घाम. पेन्योला भरून आलं. वर्षभराच्या धावण्याबद्दल कुणीतरी चार शब्द बोलणार होतं.

"पेन्यो आपली वाट प्रामाणिकपणे चालला," रादोय म्हणाला.

'धावला,' पेन्योने मनात दुरुस्ती केली.

"शेवटपर्यंत दमला नाही. शेवटच्या दिवशी मी त्याच्या उशाशी होतो. माझा हात धरला त्याने. म्हणाला, रादोय, तुझ्याकडे माझा दारू गाळायचा तांब्याचा हंडा आहे ना, तो आता तूच ठेव. परत करू नकोस, माझ्या जिवाला लागेल." रादोयने डोळे पुसले. बायका हुंदके देऊ लागल्या. पेन्योलाही हुंदका आला, कारण रादोय फारच छान बोलत होता. मग त्याला हंडा आठवला.

"कुठल्या शेवटच्या दिवशी?" त्याने मागून विचारलं.

साठ-सत्तर माणसं वळली.  पाद्र्यांनी धूपदान खाली ठेवलं. मिनाकाकू पुढे आली आणि तिने पेन्योच्या दंडाला चिमटा काढून बघितला.

"मेलास ना तू?"

"नाही काकू."

"नक्की?"

"मला तरी तसंच वाटतंय."

"मग एवढा श्राद्धाचा गहू कुणासाठी उकडला मी?" तिच्या हातात चार फुलं होती, मेलेल्यासाठी न्यायची तशी जोडीने. तिने त्यातलं एक काढून शालीआड केलं आणि उरलेली तीन, जिवंताला देतात तशी विषम, नाराजीने त्याच्या हातात कोंबली.

"पत्रकात कुठे म्हटलंय मेला म्हणून?" रुसी पत्रक वाचून दाखवू लागला. "नाव, वर्ष, वेळ, जागा. बघा. एक चूक काढा."

कुणाला काढता येईना. आता करायचं काय, यावर चर्चा सुरू झाली. पाद्र्यांचं म्हणणं, एवढी माणसं जमलीच आहेत तर मेलेल्याच्या नावाने जमिनीवर ओततात ती वाइन ओतून मोकळं व्हावं, पुढेमागे उपयोगी पडेल. बेकरीवाल्याचं म्हणणं, सगळ्यांनी धरणापर्यंत चालत जाऊन यावं.

"चालणं धरत नाही," वेलिच्का गोड आवाजात म्हणाली. "बटाटे यंदा मोठे आलेत हं, पेन्यो."

पेन्योने सगळ्यांकडे आशेने पाहिलं. "कुणी धावणार का? थोडंसं?"

सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. एक रादोय सोडून. तो दगडावरून उतरून हळूहळू धरणाच्या बाजूला सरकत होता.

"रादोय," पेन्यो म्हणाला, "तो हंडा..."

रादोय धावला.

आधी लटपटत, मग नीट. काळ्या कोटाचे पंख करून तो धरणाच्या रस्त्याला लागला. पेन्यो तीन फुलं हातात घेऊन त्याच्यामागे. दोनशे मीटरवर त्याने त्याला गाठलं, पण पुढे गेला नाही. शेजारी आला.

"देतो रे हंडा," रादोय धापा टाकत म्हणाला. "जरा भोक पडलंय त्याला. देतो."

"बोलू नकोस. नाकाने श्वास घे. कोपर खाली."

"पेन्यो, मी मरेन."

"पहिल्या दिवशी तसंच वाटतं. खांदे सोड."

मागे गाव रांगेत उभं राहून बघत होतं. वेलिच्काने हाताची सावली डोळ्यांवर धरली आणि बराच वेळ पाहिलं. दोघं वळणाआड जाईपर्यंत रादोय काही केल्या चालेना. धावतच राहिला. "आईला फोन करायला हवा," ती म्हणाली आणि मिनाकाकूकडून गव्हाची वाटी घेतली.

धरणाच्या भिंतीपाशी रादोय खाली बसला. पेन्यो त्याच्या शेजारी बसला आणि त्याचा श्वास ऐकत राहिला. शिट्टीसारखा, खरखरीत, पण शेजारी होता.

त्याला आता तीन महिने झाले. रादोयने हंडा नवीन कल्हई करून, भोक बुजवून, दारात आणून ठेवलाय. हात जोडून सांगतो, घे बाबा एकदाचा. पेन्यो काही तो घेत नाही. दर रविवारी सकाळी सहाला तो रादोयच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, "हंड्याचं बोलायचं होतं." रादोय मुकाट्याने बूट घालतो.