तीन हात रंग

एका जंगलात, बालमित्रांनो, खारी खाडी आडवी शिरली होती. अलीकडे साळूबाई साळिंदर राहत असे, पलीकडे तिची म्हातारी आई. मध्ये पोलादी पूल. रोज सकाळी साळू आईसाठी कंद घेऊन पुलावरून जाई. दुसरी जवळची वाट नव्हती.

एकदा पुलाच्या खांबांवरून तांबडे पोपडे गळू लागले. खाऱ्या पाण्यात उमर काढलेल्या कासवआजोबांनी राजाला सल्ला लिहून दिला : 'खांबांचा गंज खरवडून लगेच तीन हात रंग द्यावा.' सिंहमहाराजांनी खाली पंजा उमटवला.

खरवडायचे काम साळूला मिळाले. काटे तिचे स्वतःचेच होते, त्यामुळे खात्याचा ब्रश वाचला. ओहोटी लागली की ती चिखलात उतरे आणि खांब घासघासून चांदीसारखा करी.

मग रंगखात्याचे कोल्हेसाहेब चार माकडे आणि एक काठी घेऊन आले. माकडांनी कठड्यापासून खाली काठीने तीन हात मोजले, तेवढाच पट्टा निळा रंगवला आणि डबे बंद केले.

"साहेब, खालचं राहिलं की," साळू म्हणाली.

"आदेशात तीन हात आहे. मोजून घ्या."

"अहो, रंगाचा हात म्हणजे थर. एक वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. भिंतीला देतात तसा."

"साळूबाई, हात म्हणजे कोपरापासून बोटापर्यंत. आमच्या खात्यात दुसरा हात नाही."

"आणि ही काठी कोणाच्या हाताची?"

"आमच्या सगळ्यात बुटक्या माकडाच्या. रंग पुरवून वापरावा लागतो."

"पण खारं पाणी तर खालीच आहे. उघडं लोखंड ते खाऊन टाकेल."

"पाण्याखालचं महाराजांना दिसतं का?"

"नाही."

"मग झालं तर."

साळू दरबारात गेली. दारावरचा लांडगा म्हणाला, "कासवआजोबांकडून खुलासा लेखी आणा."

आजोबांनी खुलासा लिहिला. तो घेऊन स्वतःच निघाले. पण शेवटी ते कासव होते. ते पोचायच्या आत वर्ष उलटले आणि एका मोठ्या भरतीला पूल गुडघ्यात मोडून खाली बसला. नशिबाने वर कोणी नव्हते.

चौकशी झाली. कोल्हेसाहेबांनी निळा पट्टा दाखवला. त्यावर गंजाचा ठिपकाही नव्हता.

"महाराज, खात्याने रंगवलेलं सगळं शाबूत आहे. साळूबाईंनी खरवडलेलं तेवढं मोडलं."

महाराजांना हे पटले. नव्या पुलाचे काम कोल्हेसाहेबांना मिळाले. साळूला लोखंडाला काटा लावायची बंदी झाली.

तिने बिऱ्हाड पाठीवर घेतले आणि खाडीला वळसा घालून चार दिवसांनी आईकडे पोचली, ती कायमचीच.

"इतकी राबलीस गं," आई म्हणाली, "मग पडला कसा?"

"मीच पाडला म्हणतात," साळू म्हणाली आणि कंद सोलायला बसली.

तात्पर्य : पोलाद वाचवायला रंगाचे तीन थर लागतात. खुर्ची वाचवायला एकच पुरतो. तो फक्त महाराजांच्या नजरेच्या उंचीवर द्यावा.