हॅदरक्लफचं शंभर टक्के जनमत

मत प्रत्येकालाच असतं. परंतु ते मांडण्याचं काम समाजात कोणीतरी एकानेच अंगावर घ्यावं लागतं. अन्यथा सभा वेळेवर संपत नाहीत आणि चहा गार होतो. आमच्या हॅदरक्लफ ग्रामपरिषदेने हे तत्त्व बावीस वर्षं निष्ठेने पाळलं. मी या परिषदेचा कारकून आहे (आठवड्याला नऊ तास; दहावा तास हौसेखातर). त्यामुळे त्या काळाची आकडेवारी माझ्याइतकी दुसऱ्या कोणाजवळ नाही, आणि आजवर ती कोणी मागितलेलीही नाही.

आमच्याकडे लोकांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. रस्त्यावरचा दिवा बदलायचा असो की शाळेची घंटा, आधी जनमत घ्यावं लागतं. त्यासाठी निळा फॉर्म असतो. तो वाचनालयात मंगळवारी दहा ते बारा या वेळात मिळतो, तिथेच भरून लाकडी पेटीत टाकायचा. मुदत सहा आठवडे. मुदत संपली की मी पेटी उघडतो, टक्केवारी काढतो, आणि ती परिषदेवर बंधनकारक असते. गावाची लोकसंख्या दोन हजार तीनशे चौदा. बावीस वर्षांत एकशे सदतीस वेळा जनमत घेतलं. आलेले फॉर्म एकशे सदतीस. (एकदा पेटीत अर्धं खाल्लेलं काकडीचं सँडविचही निघालं. ते मी 'तटस्थ' या सदरात धरलं.)

हे सगळे फॉर्म मिस्टर मॉरिस थ्रेल्फॉल यांचे होते.

थ्रेल्फॉल यांचं वय एकोणऐंशी. गावातली गिरणी चालू होती तेव्हा विणून आलेलं कापड उजेडात धरायचं आणि त्यातले दोष शोधायचे, हे त्यांचं काम. चाळीस वर्षं त्यांनी ते केलं. पुढे गिरणी बंद पडली, पण काम चालूच राहिलं. कापडाच्या जागी त्यांनी खेळ, शिक्षण आणि समाज हे तीन विषय घेतले. त्यांच्या मते खेळाचा ऱ्हास खेळाडू एकमेकांना मिठ्या मारू लागले तेव्हा सुरू झाला, शिक्षणाचा पोरांना वर्गात सतरंजीवर बसवू लागले तेव्हा, आणि समाजाचा ऱ्हास पाव कापून मिळू लागला तेव्हा. तिन्ही रोगांचं मूळ एकच: सवलत.

एकाच माणसाचा फॉर्म आला, तर त्याचं मत हे गावाचं शंभर टक्के मत होतं. यात माझा दोष नाही, गणिताचा आहे. आणि शंभर टक्के गाव एकमुखाने बोलत असताना त्याला नाही म्हणणारी परिषद मी तरी पाहिलेली नाही.

पूर्वी शाळेच्या क्रीडादिनी चमच्यात उकडलेलं अंडं घेऊन पळायची शर्यत असे, आणि पळालेल्या प्रत्येक मुलाला पदक मिळे. जनमत क्रमांक ८८ नंतर अंडं कच्चं झालं. पदक फक्त पहिल्याला, दुसऱ्याला हस्तांदोलन, आणि तिसऱ्याकडे पाहून मुख्याध्यापिकाबाईंनी दुरून मान हलवायची, असं ठरलं. त्या वर्षी अठरा मुलं धावली, अठरा अंडी फुटली, कोणालाच काही मिळालं नाही. थ्रेल्फॉल यांनी 'तीस वर्षांतला पहिला खरा निकाल' असा शेरा मारला. क्रमांक ९४ नुसार आमच्या फुटबॉल संघाने गोल केल्यावर आनंद फक्त हात मिळवून, आणि तोही प्रेक्षकांकडे पाठ करून, व्यक्त करायचा आहे. तेव्हापासून संघाने चार गोल केले. ते करणाऱ्यांपैकी तिघांनी समोरच्या गोलरक्षकाची माफी मागितली. क्रमांक १०२ मुळे शाळेत किलोमीटर बंद होऊन फर्लांग आले. आमच्या पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी मैलाचे फर्लांग सांगता येतात. सहलीला मागच्या जूनमध्ये निघालेला तिसरीचा वर्ग फर्लांगात रस्ता विचारत विचारत नुकताच परत आला; आता तो चौथीत आहे.

आणि क्रमांक १२१. बसथांब्यावरचा बाक काढून टाकावा का? शंभर टक्के: काढावा. कारण: 'बाक असला की तरुण मंडळी बसतात.' बाक काढला. तरुण मंडळी भिंतीवर बसू लागली आणि म्हातारी माणसं उभी राहू लागली. निर्णयाची अंमलबजावणी पूर्ण झाल्याची नोंद माझ्या वहीत आहे.

गाव काय करत होतं, असं तुम्ही विचाराल. गाव कुरकुरत होतं. दर शुक्रवारी पबमध्ये जाऊन, नियमितपणे, अगदी जीव तोडून.

"अंडी कच्ची! माझ्या पोराचे बूट अजून वास मारतायत," पबवाली मोइरा म्हणायची.

"मग फॉर्म भरा ना," मी एकदा म्हणालो.

सगळे आपापल्या ग्लासात बघू लागले. परिषदेच्या अध्यक्षा हिल्डा क्रॉम्प्टन यांनी मला बाजूला घेतलं. "ग्रिमशॉ, असं चारचौघांत कोणाला बोलू नये हो. फॉर्म भरायचा म्हणजे मुद्दाम बोभाटा केल्यासारखं होतं. आपल्यात बरं दिसतं का ते?"

मी माफी मागितली. त्यांनीही मागितली. मग मोइराने दोघांची मागितली, आणि विषय सन्मानाने मिटला.

हे असंच सुखाने चाललं असतं. पण जनमत क्रमांक १३८ आलं, आणि ते थ्रेल्फॉल यांच्याविषयीच होतं.

गावच्या क्रिकेट मैदानाच्या कडेला एक लाकडी खोपटं आहे. त्यात बसून थ्रेल्फॉल चौतीस वर्षं धावफलकाची वही लिहीत आले. तीन पेन्सिली, तिन्हींना सुरीने टोक काढलेलं. खोपट्यात खुर्च्या दोन. दुसरी त्यांच्या बायकोची, नोरीनबाईंची. त्या शेजारी बसून विणायच्या आणि चौकार गेला की बोट वर करायच्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. खुर्ची आहे, खुर्चीवर त्यांची हिरवी उशीही आहे. शनिवारी दुपारी एक ते सात थ्रेल्फॉल त्या उशीशेजारी बसतात. आठवड्यातले बाकीचे सगळे तास त्या सहा तासांची वाट बघण्यात जातात, हे गावात सर्वांना ठाऊक होतं. तेवढ्यासाठीच सगळे त्यांची मतं सहन करत होते, असंही म्हणता येईल.

आता जिल्ह्याच्या क्रिकेट मंडळाने परिपत्रक काढलं. यापुढे धावा टॅबलेटवर लिहाव्यात, दरवर्षी परीक्षा द्यावी. (थ्रेल्फॉल यांनी टॅबलेट आजवर फक्त पाण्याबरोबर घेतलेली.) मात्र जुन्या लेखनिकाला सूट द्यावी असं गावाचं मत असेल तर द्यावी. मैदान परिषदेचं. म्हणजे निळा फॉर्म आला.

नियम मी मुळापासून वाचले. एकही फॉर्म आला नाही तर विषय वर्षभर पुढे ढकलायचा. मतं समसमान पडली तर जैसे थे, म्हणजे वही जुन्याच हातात. म्हणजे थ्रेल्फॉल यांनी फक्त गप्प बसायचं होतं. ते नाहीच जमलं, तर गावातल्या दुसऱ्या एका माणसाने, कुठल्याही एकाने, 'हो' लिहायचं होतं. इतकी सोपी लोकशाही जगात दुसरीकडे कुठे नसेल.

मी शनिवारी खोपट्यात गेलो.

"मिस्टर थ्रेल्फॉल, या वेळी फॉर्म नाही भरलात तरी चालेल."

"चालेल म्हणजे काय?" ते पेन्सिलीला टोक काढत होते.

"कोणाचाच आला नाही तर तुम्ही वर्षभर इथेच. सहा आठवडे गप्प राहायचं, बस."

"ग्रिमशॉ, गप्प बसूनच या देशाचं वाटोळं झालंय."

"मग भरा, पण 'हो' म्हणून भरा. सूट द्यावी, असं."

"मला? सूट?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "अंड्याच्या शर्यतीत सहा वर्षांची पोर रडत आली होती माझ्याकडे. आजोबा, एक पदक द्यायला सांगा ना म्हणाली. नाही दिलं मी. सख्खी नात आहे ती माझी. आणि आता स्वतःला सूट देऊ?"

त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची उशी सरळ केली. मग हळूच म्हणाले, "हिची उशी मात्र फेकू देऊ नकोस त्यांना." मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. कारकुनाने असं वाटून घेऊ नये, पण वाटलं.

पहिल्याच मंगळवारी, दहाच्या ठोक्याला, ते वाचनालयात फॉर्म टाकून आले.

गावाने मात्र कमाल केली. त्या सहा आठवड्यांत एकेचाळीस जणांनी (मी मोजले) थ्रेल्फॉल यांच्या पाठीवर थाप मारून पाठिंबा दिला. क्रिकेट संघाचा कप्तान डग्लस एंटविसल याने पबमध्ये सर्वांसमोर जाहीर केलं, "मॉरिस, तुम्ही बिनधास्त राहा. अख्खं गाव तुमच्या मागे आहे!"

"तू भरलास का रे फॉर्म?" मी विचारलं.

"मी? अहो, सगळेच भरतायत की. माझ्या एकाने काय आभाळ कोसळणार आहे?"

"मी जाणारच होते," मोइरा म्हणाली. "पण म्हटलं, या वेळी रांग असेल. रांग ओसरली की जाते."

"मी तर अध्यक्ष," हिल्डाबाई म्हणाल्या. "मी भरला तर पक्षपात दिसेल."

शेवटच्या मंगळवारी मात्र मनं हलली. अकरा चाळीसला डग्लस वाचनालयाच्या दाराशी आला. त्याच वेळी पलीकडून हिल्डाबाई आल्या. पक्षपात दिसला तर दिसू दे, असं त्यांनी ठरवलं होतं. डग्लसने त्यांच्यासाठी दार धरलं. "आधी तुम्ही." "छे, छे, तू आधी आलास." "तुम्ही मोठ्या." "तुझ्या हातात दार आहे, तुला त्रास." एवढ्यात मोइरा आली. तिला रांग दिसली. ती मुकाट्याने मागे उभी राहिली आणि तिच्या मागे आणखी नऊ जण. आमच्याकडे रांग मोडून पुढे घुसणाऱ्याला तीन पिढ्या माफी नसते. वीस मिनिटं अत्यंत सभ्यतेत गेली. बारा वाजता ग्रंथपालबाईंनी आतून, सर्वांची क्षमा मागून, दार लावून घेतलं.

पेटीत एक फॉर्म निघाला. मी तो दोनदा मोजला. सूट द्यावी का? 'नाही.' कारणाच्या रकान्यात, बारीक टोकाच्या पेन्सिलीने: 'अपवाद कोणालाही नको. शिवाय गेल्या हंगामात वहीत माझ्या हातून दोन धावा चुकल्या आहेत. कोणाच्या लक्षात आलं नाही.' चाळीस वर्षं कापडातले दोष शोधणाऱ्याला शेवटचा दोष सापडला होता.

शंभर टक्के.

गाव पेटून उठलं. 'कोण आहेत हे लोक?' असं सर्वजण एकमेकांना विचारत होते. निरोपसमारंभ झाला. डग्लसने भाषणात 'पडद्याआडून निर्णय घेणाऱ्या निनावी शक्तीं'चा कडक शब्दांत निषेध केला, आणि सर्वांत आधी टाळी थ्रेल्फॉल यांनी वाजवली, कारण भाषण थोडक्यात होतं. त्यांना भिंतीवरचं घड्याळ देण्यात आलं. ते चार मिनिटं मागे आहे, हे त्यांनी तिथेच सांगितलं.

काम गेल्यावरही मैदानात बसणं म्हणजे सवलत, म्हणून आता शनिवारी ते बसथांब्यावर उभे असतात. तिथून मैदानाचा साधारण तिसरा भाग दिसतो. तेवढ्या भागातल्या धावा ते जुन्या वहीत लिहितात, आणि चेंडू गिरणीच्या भिंतीआड गेला की टाळ्यांवरून अंदाज न करता तो रकाना कोरा सोडतात. उशी काखेत असते. ठेवायला जागा नाही; बाक क्रमांक १२१ अन्वये गेलेला आहे. लोक गाड्या हळू करतात, 'अरेरे' म्हणतात, 'कोणीतरी काहीतरी करायला हवं' म्हणतात आणि सामन्याला जातात.

परिषदेलाही हे पाहवलं नाही. तिने जनमत क्रमांक १३९ काढलं आहे: बसथांब्यावर बाक परत बसवावा का? पहिल्या मंगळवारी, दहाच्या ठोक्याला, एक फॉर्म आलेला आहे. त्यावर 'नाही' आहे, हे पेटी न उघडताही मला ठाऊक आहे. समसमान पडली तर जैसे थे, म्हणजे बाक नाही. म्हणून या वेळी 'हो' म्हणणारे दोन फॉर्म लागतील.

नियम मी पुन्हा मुळापासून वाचले. कारकुनाने फॉर्म भरू नये असं त्यांत कुठेही म्हटलेलं नाही. मागच्या वेळीही म्हटलेलं नव्हतं, आणि कोऱ्या फॉर्मांचा दोनशेचा गठ्ठा तेव्हाही माझ्याच खणात होता. फॉर्म भरायला गावचा रहिवासीही असावं लागत नाही; 'गावाविषयी आस्था असलेली कोणीही व्यक्ती' चालते. तुम्ही इथवर वाचत आलात, मॉरिस थ्रेल्फॉल यांच्याविषयी तुम्हाला वाईटही वाटलं असेल, म्हणजे तुम्ही नियमात बसता. मुदत पुढच्या मंगळवारी बाराला संपते. एक फॉर्म तुम्ही भरालच असं धरून मी निर्धास्त आहे, आणि दुसरा मी भरेन असं धरून तुम्ही.