चौदाव्या मजल्यावरचा गारठा

“इतरांची डोकी विचार करतात. माझं डोकं थेट निकाल देतं,” कंट्रोल रूमच्या दारात उभं राहून भावोजींनी जाहीर केलं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या कार्डावर सोनेरी अक्षरांत ‘गुप्तहेर’ असं छापलंय आणि ते कार्ड ते लिफ्टमध्येही वाटतात. आजवर त्यांनी एकच प्रकरण हाताळलं, स्वतःच्या हरवलेल्या छत्रीचं. ती ताईला सापडली. तरी मी त्यांना बोलावलं, कारण बायकोची नोकरी पणाला लागली होती आणि हाकेसरशी येणारं दुसरं कोणी नव्हतं.

ही या चौदा मजली इमारतीची स्मार्ट कंट्रोल सिस्टीम सांभाळते. दुपारी तीन ते चार शहरात विजेची ओढाताण असते. म्हणून सिस्टीम बारापासूनच इमारत जरा जास्त गार करून ठेवते आणि तीनला एसी मंद करते. तासभर वीज वाचते आणि कोणाला घामही येत नाही. पण गेला आठवडाभर तीन वाजले तरी चौदाव्या मजल्याचे एसी जिवाच्या आकांताने चालूच राहत होते. त्याच मजल्यावर बसणाऱ्या मोठ्या साहेबांनी हिला लेखी कळवलं होतं, की आज तीनला विजेचा वापर उतरला नाही तर उद्यापासून येऊ नका.

“हे बघा भावोजी,” तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. “चौदावा मजला, चौतीस अंश. मशीनला वाटतंय वर भट्टी पेटलीय.”

“वर जाऊन बघितलंस?”

“मुख्य सेन्सर साहेबांच्या केबिनमध्ये आहे. स्वतःला गरम होऊ नये म्हणून त्यांनीच तो तिथे लावून घेतला. आत जायची परवानगी चारदा मागितली. दर वेळी उत्तर एकच, साहेब वीजबचतीच्या मीटिंगमध्ये आहेत.”

“परदेशी हॅकर,” भावोजी म्हणाले. “मेहुणे, लिहून घ्या.”

मी लिहून घेतलं. आम्ही तिघंही वर गेलो.

“अकरा माणसं, अकरा स्वेटर!” भावोजी माझ्या कानात कुजबुजले. “भर उन्हाळ्यात! ही टोळी आहे. हा त्यांचा गणवेश.”

“अहो, थंडी वाजत असेल त्यांना.”

“चौतीस अंशांत?”

टोळीची म्होरकी म्हणून त्यांनी टायपिस्ट बाईंना धरलं, कारण त्यांच्या गळ्यात मफलरही होता. “बाई, तुमचे दात का वाजताहेत? मन खातंय का?”

बाईंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं, की भावोजींनी तो सिद्धांत तिथल्या तिथे सोडला. मग एसीच्या जाळीत माणूस लपल्याचा शोध लावून ते खुर्चीवर चढले आणि चार शिंका देऊन खाली आले. पावणेतीन झाले. हिचा पगार थांबला तर आमचं घर चालणार नव्हतं, आणि मी भरवसा ठेवला होता तो या माणसावर.

तेवढ्यात सफाईच्या मावशी साहेबांच्या केबिनमधून कप घेऊन बाहेर आल्या.

“काय शोधताय एवढं?”

“साहेबांच्या केबिनमध्ये ऊब कुठून येते ते,” बायको म्हणाली.

“साहेबांच्या खुर्चीमागच्या हीटरमधून. बारा वाजले की त्यांना गारठा लागतो, मग लावतात. त्याच्या बरोबर वर ती पांढरी डबी आहे. पुसायला गेलं की चटका बसतो.”

म्हणजे हीटरने सेन्सर तापत होता, सेन्सरमुळे मजला गोठत होता आणि मजला गोठला की साहेब हीटर वाढवत होते.

“मावशी, आधी का नाही सांगितलंत?”

“मला विचारलं कोणी? तुम्ही सगळे मशीनला विचारत बसता.”

आता साहेबांना सांगणार कोण? भावोजींना अचानक घरी महत्त्वाचं काम आठवलं. बायकोने पदर सारखा केला, दार वाजवलं आणि आत गेली. आतून काही ऐकू आलं नाही. तीनला पाच कमी असताना ती हीटर बंद करून बाहेर आली. तीनला एसी मंद झाले आणि टायपिस्ट बाईंनी मफलर सोडला.

“गुन्हेगार मला पहिल्यापासून माहीत होता,” लिफ्टमध्ये भावोजी म्हणाले.

पाचला हिला नवं पत्र मिळालं. नोकरी कायम. झालेली चूक कंट्रोल रूमची. यापुढे रोज अडीच वाजता स्वतः वर येऊन साहेबांचा हीटर बंद करणे.

हिने ते दोनदा वाचलं. “बारा वर्षं हे काम शिकले,” ती म्हणाली. “आणि पोस्ट मिळाली हीटर बंद करायची.”