त्रेचाळीस पाय आणि एक झुलती खुर्ची

अण्णांच्या दिवाणखान्यातील नव्या लाकडी जमिनीवर पहिला ओरखडा मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आढळून आला. लांबी बोटाच्या पेराएवढी. खोली नखाने तपासली असता नगण्य. तरीही अण्णांनी चहा अर्धा टाकला, आणि चहा अर्धा टाकणारा माणूस किती हादरलेला असतो हे काय सांगायला हवं?

अण्णा नुकतेच अभिलेख विभागाच्या अधीक्षकपदावरून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षांत त्यांच्या ताब्यातली एकही फाइल हरवली नव्हती, कारण त्यांनी ती कुणाला बघायलाच दिली नव्हती. निरोपसमारंभात वरिष्ठांनी याबद्दल त्यांचा खास गौरव केला. तो गौरव अण्णा घरी घेऊन आले, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

खरं तर जमीन माईसाठी केली होती. माई म्हणजे अण्णांची बायको. सरकारी क्वार्टरच्या गार फरशीवर उभं राहून राहून तिच्या गुडघ्यांचं पार वाटोळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, पायाखाली लाकूड असलं तर बरं. माईला तेवढंच हवं होतं. ऊन येतं त्या खिडकीशी आपल्या आईची झुलती खुर्ची ठेवायची आणि उबदार लाकडावर अनवाणी पाय टेकून बसायचं. बाई जन्मात दुसरं काही मागायची नाही.

ओरखड्याची चौकशी त्याच दिवशी सुरू झाली. माईचा जबाब घेण्यात आला.

"जेवणाच्या टेबलाची खुर्ची कुणी ओढली?"

"मी."

"कोणत्या प्रयोजनार्थ?"

"बसायला! खुर्ची आणखी कशाला ओढतात हो?"

"उचलून ठेवता आली नसती?"

"माझे गुडघे कोण उचलणार, तुम्ही?" माई म्हणाली आणि आत निघून गेली. अण्णांनी शेरा मारला: जबाब असमाधानकारक.

संध्याकाळी परिपत्रक क्रमांक एक फ्रिजवर लागलं. घरातल्या प्रत्येक पायाखाली जाड लोकरी कापडाची चकती चिकटवायची. त्यासाठी पायांची रीतसर गणना झाली. जेवणाचं टेबल चार, सहा खुर्च्यांचे चोवीस, सोफा चार, टीपॉय चार, कपाट चार आणि स्टुलाचे तीन. एकूण त्रेचाळीस. माणसांचे पाय यात धरले नव्हते, ते पुढे धरले गेले.

अडलं ते झुलत्या खुर्चीपाशी. तिला पायच नव्हते. खाली दोन वाकड्या पट्ट्या, त्याही सतत हलत्या. अण्णांच्या तक्त्यात 'पायांची संख्या' असा रकाना होता. तिथे शून्य लिहावं, तर ती खुर्ची ठरेना. दोन लिहावं, तर खोटी नोंद.

"अण्णा, पट्टीलाच कापड गुंडाळा ना," सूनबाई म्हणाली. तिची जीभ तशी सरळ होती, त्यामुळे सगळ्यांना टोचायची.

"पट्टी हा पाय आहे की नाही, हे आधी ठरलं पाहिजे."

"मग ठरवा."

"ठरेपर्यंत खुर्ची तात्पुरती बाल्कनीत राहील."

अण्णांच्या कार्यालयात एक पंखा तात्पुरता काढून ठेवला होता. तो काढणारा माणूस अण्णांच्या आधी निवृत्त झाला. 'तात्पुरती' म्हणजे किती, हे माईला त्या पंख्यावरून ठाऊक होतं. पण ती एवढंच म्हणाली, "ऊन आहे तोवर ठरवा म्हणजे झालं."

चकत्या उत्तम निघाल्या. इतक्या उत्तम, की खुर्च्या बर्फावर ठेवल्यासारख्या पळू लागल्या. आठव्या दिवशी माई जेवायला बसायला गेली आणि खुर्ची तिच्याआधी भिंतीला जाऊन टेकली. माई धाडकन खाली.

अण्णा धावले. तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले आणि तीस वर्षांत ऐकला नव्हता अशा हळव्या आवाजात म्हणाले, "लागलं का गं?"

माईचे डोळेच भरून आले. "थोडं कमरेत."

"थांब जरा," अण्णा खिशातून भिंग काढत म्हणाले, "आधी ही फळी बघू दे."

सूनबाईने कपाळावर हात मारला. माईच्या डोळ्यांतलं पाणी आल्या वाटेने परत गेलं.

डॉक्टरांनी माईला काठी दिली. काठी म्हणजे चव्वेचाळिसावा पाय, तोही फिरता! तिला चकती लावली तर माई पुन्हा पडणार, न लावली तर जमीन धोक्यात. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि मधला मार्ग काढला: काठीधारकांस दिवाणखान्यात प्रवेश स्थगित. त्यांच्यासाठी स्वयंपाकघरात स्टुलाची पर्यायी सोय. खाली फरशी होती, पण फरशीला ओरखड्याचं भय नव्हतं.

"अण्णा, जमीन कुणासाठी केली होती, आठवतं का?" सूनबाईने विचारलं.

"तिच्यासाठीच तर जपतोय!" अण्णा दुखावून म्हणाले. ते खरंच दुखावले होते. आपल्या बायकोसाठी हा माणूस डोळ्यांत तेल घालून जमिनीवर पहारा देत होता आणि घरात कुणाला त्याची किंमत नव्हती.

मग उरलेल्या माणसांच्या पायांचा विषय निघाला. बुटांवर बंदी आली. नखांचा संशय आल्यावर अनवाणी पायांवरही आली. मोज्यांवरून मुलगा घसरला, तेव्हा अखेर जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरलं. प्लास्टिक खराब होऊ नये म्हणून त्यावर सतरंजी आली. सतरंजी मळू नये म्हणून जुन्या चादरी. आता जमीन सुरक्षित होती, फक्त दिसत नव्हती. त्यावर अण्णांनी जमिनीचा मोठा फोटो काढून फ्रेम करून भिंतीवर लावला. पाहुणे उंबरठ्यावर उभे राहून तो बघत. "वा, काय चकाकी आहे!" असं म्हणत आणि उभ्याउभ्याच परत जात. जमीन अशी तळहाताच्या फोडासारखी जपली.

वर्ष झालं. हमीपत्राप्रमाणे सुतार तपासणीला आला. अण्णांनी नवा सदरा घातला होता. चादरी निघाल्या, सतरंजी निघाली, प्लास्टिक उचललं आणि कोंदट वास घरभर पसरला. फळ्या फुगल्या होत्या. कडेने काळ्या पडल्या होत्या. खिडकीजवळची तर बोटाने दाबली की दबत होती.

"पण ओरखडा?" अण्णांनी विचारलं. "एक तरी ओरखडा दाखवा."

"एकही नाही, साहेब." सुतार उकिडवा बसून म्हणाला. "तुम्ही फोनवर सांगितलात तो पेराएवढा पहिला, तोसुद्धा कुजून गेला. अहो, ओरखड्याला काय होतं? पॉलिशचा हात मारला की गेला. ओल कोंडली आत. उघडी ठेवून तिच्यावर नुसते चालला असतात, तरी पन्नास वर्षं गेली असती."

अण्णांनी वही उघडली आणि नोंद केली: 'जमीन अखेरपर्यंत ओरखडाविरहित.'

तेवढ्यात बाल्कनीतून घर्रर्र असा आवाज आला. माई झुलती खुर्ची ओढत आणत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने खुर्ची. बाल्कनीपासून खिडकीपर्यंत मागे दोन लांब, सरळ ओरखडे उमटत आले. मदतीला पुढे झालेल्या सुताराला तिने हातानेच थांबवलं. खिडकीशी खुर्ची लावली, बसली, चपला काढल्या आणि दोन्ही पाय फळीवर टेकले.

ते लगेच वर उचलले.

"गार आहे हो," ती अण्णांकडे बघत म्हणाली. "फरशीपेक्षाही गार."

अण्णांनी नवीन जमिनीसाठी सुताराची तारीख घेतली आहे. या खेपेला सुरुवातीपासूनच खबरदारी घेणार आहेत. झुलत्या खुर्चीच्या पट्टीचा निर्णय अद्याप प्रलंबित आहे.

वाचकहो, हसून झालं असेल तर जरा उठा. तुमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर चांगल्या कपांचा एक सेट आहे, अजून खोक्यातच. खास माणसं आली की काढायचा म्हणून ठेवलेला. तो नीट आहे ना बघा, आणि येताना स्वयंपाकघरात डोकावा. तुमची खास माणसं तिथे कान तुटलेल्या कपातून चहा पीत असतील.